दोन कानांचा अभियंता

सणासुदीच्या सवलतीत घरात दुसरा स्मार्ट स्पीकर येतो. पहिला आधीपासून टीव्हीशेजारी असतोच. मग मोबाइलच्या ॲपमध्ये जाऊन दोघांची जोडी लावायची, एकाला डावा आणि दुसऱ्याला उजवा ठरवायचे आणि एखादे ओळखीचे गाणे लावायचे. गाणे सुरू होते, पण गायिकेचा आवाज ना डावीकडच्या डब्यातून येतो, ना उजवीकडच्या. तो येतो मधल्या रिकाम्या भिंतीवरून, जिथे फार तर कॅलेंडर टांगलेले असते. तबला जरा डावीकडे, पेटी जरा उजवीकडे, आणि मधोमध गाणारी बाई. घरातले लहान मूल उठून त्या भिंतीला हात लावून पाहते.

भिंतीत अर्थातच काही नसते. तो आवाज तिथे आहे हा निष्कर्ष ऐकणाऱ्याच्या मेंदूने काढलेला असतो. मेंदूला अशी बेमालूम हूल देण्याची रीत ज्याने शोधून काढली, तो इंग्रज अभियंता ॲलन डॉवर ब्लूमलाइन. 1942 च्या जूनमध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, तो एका विमान अपघातात गेला. तोपर्यंत त्याच्या पद्धतीची एकही तबकडी बाजारात आली नव्हती.

ब्लूमलाइन यांचा जन्म 29 जून 1903 रोजी लंडनमधल्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लूमलाइन जर्मनीत जन्मलेले, खाणींच्या व्यवसायातले. आई जेसी डॉवर ही दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. ॲलन सात वर्षांचा असताना त्याने घराच्या दारावरची बिघडलेली विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवले. खाली सही होती आणि सहीखाली हुद्दा होता, विद्युत अभियंता. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात हमखास येते. त्याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवली म्हणजे तिचे वजन कळते. हाच मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत नीट वाचू शकत नव्हता, असे त्याच्या घरच्यांनी सांगून ठेवले आहे. गणितात मात्र तो तेव्हाच वर्गाच्या पुढे होता.

अशा मुलाला आज कुणीतरी अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यायला सांगेल, आणि ते योग्यच. शंभर वर्षांपूर्वीच्या मुलाचे निदान आठवणींवरून करणे मात्र योग्य नाही, म्हणून तो मोह इथे टाळलेला बरा. एवढे खरे की शाळेने त्याला टाकून दिले नाही. 1914 मध्ये वडील वारले. पुढे हायगेट शाळा, तिथून शिष्यवृत्तीवर लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा भाग असलेले सिटी अँड गिल्ड्स कॉलेज, आणि 1923 मध्ये पहिल्या वर्गात पदवी. वर्षभर तिथेच प्रयोगशाळेत शिकवून 1924 मध्ये ब्लूमलाइन टेलिफोनची उपकरणे करणाऱ्या इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत दाखल झाले.

इथे त्यांची आणि मानवी कानाची गाठ पडली.

लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांमध्ये तेव्हा मोठी अडचण होती. एका तारेतले बोलणे शेजारच्या तारेत झिरपे, विजेच्या वाहिन्यांची गुणगुण मिसळे. ही खरखर मोजायची तर मोजणीच्या काट्याला सगळे स्वर सारखेच. कानाला ते सारखे नसतात. माणसाचा कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या स्वरांना सर्वांत तिखट असतो आणि खर्जातल्या आवाजाकडे बरेच दुर्लक्ष करतो. म्हणजे काट्यावर मोठी दिसणारी घरघर ऐकणाऱ्याला जाणवणारही नाही आणि काट्यावर किरकोळ दिसणारी शीळ त्याला हैराण करील. ब्लूमलाइन यांनी कानाची ही आवडनिवड मोजून काढली आणि मोजणीच्या यंत्रात तेवढाच भार देणारे विद्युत जाळे बसवले. आज गणेशोत्सवात आवाज मोजणाऱ्या यंत्रावर डेसिबलच्या पुढे कंसात जे ए हे अक्षर दिसते, तो याच जातीचा हिशेब. यंत्र कितीही अचूक असले तरी शेवटचा ग्राहक कान आहे, हे त्यांच्या मनात इथून पक्के झाले असावे. त्यांच्या पुढच्या कामावर त्याची खूण दिसते.

1929 मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आले. तिथे त्यांचे वरिष्ठ होते आयझॅक शोएनबर्ग. रशियातून आलेला हा अभियंता माणसे पारखण्यात तयार होता. पहिले काम सोपवले गेले ते धंद्याच्या गरजेचे. तबकडी कोरण्याच्या विद्युत पद्धतीचे पेटंट अमेरिकी बेल कंपनीकडे होते आणि प्रत्येक तबकडीमागे स्वामित्वशुल्क द्यावे लागे. ब्लूमलाइन यांनी हर्बर्ट होल्मन या सहकाऱ्यासह वेगळ्या तत्त्वावर चालणारे कोरणयंत्र तयार केले. ते पेटंटच्या बाहेरचे तर होतेच, आवाजही अधिक स्वच्छ देत होते. 1931 मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय झाली. ग्रामोफोन कंपनी म्हणजे हिज मास्टर्स व्हॉइस, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे ते चित्र. मराठी नाट्यपदांच्या कित्येक तबकड्या याच चित्रानिशी आपल्याकडे घरोघर पोचल्या होत्या.

त्याच वर्षी ब्लूमलाइन आपल्या भावी पत्नीबरोबर, डोरीन लेन यांच्याबरोबर, सिनेमाला गेले होते. बोलपट नवे होते. पडद्यामागे आवाजाची व्यवस्था एकाच जागी असे. नट पडद्याच्या डाव्या टोकाला चालत जाई आणि त्याचा आवाज मात्र होता तिथेच राही. इतर प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नव्हते. ब्लूमलाइन मात्र अस्वस्थ झाले आणि आवाज नटाच्या मागोमाग चालवण्याचा मार्ग आपल्याकडे आहे असे त्यांनी डोरीनना सांगितले. ही आठवण डोरीन यांनीच पुढे सांगितली आहे. 25 सप्टेंबर 1931 या तारखेची त्यांची टिपणे उपलब्ध आहेत, आणि 14 डिसेंबर 1931 रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज दाखल केला.

त्या अर्जात काय होते ते समजायला आधी डोक्यात डोकावावे लागेल.

डोळ्याच्या पडद्यावर समोरच्या दृश्याचे चित्र उमटते, त्यात डावे-उजवे आपोआप येते. कानात तशी सोय नाही. कानाच्या आतल्या शंखात स्वरांची उंची मोजली जाते, दिशा नाही. दिशा काढायची तर दोन्ही कानांकडून आलेल्या खबरी शेजारी ठेवून ताडून पाहाव्या लागतात. समजा उजव्या बाजूला रिक्षाचा हॉर्न वाजला. तो उजव्या कानाला आधी ऐकू येतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाला नंतर. हा उशीर जास्तीत जास्त किती? सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही दोनतृतीयांश. शिवाय डोक्याची सावली पडते, त्यामुळे डाव्या कानाला आवाज थोडा बारीकही येतो. खर्जातल्या आवाजाच्या लाटा लांब असतात, त्या डोक्याला सहज वळसा घालतात. तिथे उशिराचा उपयोग. तीव्र स्वरांच्या लाटा आखूड, त्यांना डोके अडवते. तिथे लहान-मोठेपणाचा उपयोग. साधारण 1500 हर्ट्झच्या आसपास एक पद्धत मावळते आणि दुसरी उगवते. लॉर्ड रॅली या भौतिकशास्त्रज्ञाने 1907 मध्ये हे मांडले होते.

ही ताडणी मेंदूच्या खोडात, दोन्ही कानांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची जिथे प्रथम गाठ पडते त्या पेशीसमूहात होते. तिची अचूकता थक्क करणारी आहे. समोरून येणाऱ्या आवाजाच्या बाबतीत दोन कानांतला सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरक सराईत माणसाला ओळखता येतो. मज्जातंतूतला एक साधा स्पंदच त्याच्या शंभरपट वेळ घेतो. जाणीव होण्याच्या कितीतरी आधी हे गणित उरकलेले असते.

दोन कानांना दोन वेगळे आवाज पोचवण्याची कल्पना ब्लूमलाइन यांच्या आधीची आहे. 1881 च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोन लावून लोकांना दोन्ही कानांना दोन रिसीव्हर धरायला दिले होते. पण तो हेडफोनचा प्रकार झाला. डाव्याचा डाव्या कानात, उजव्याचा उजव्या कानात. खोलीत दोन स्पीकर ठेवले की ही शिस्त मोडते. डाव्या स्पीकरचा आवाज दोन्ही कानांत जातो, उजव्याचाही दोन्ही कानांत. वरवर पाहता सगळा खेळ इथेच बिघडायला हवा.

ब्लूमलाइन यांनी या बिघाडातूनच वाट काढली, आणि ती त्यांच्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज एकाच क्षणी सोडायचा, फक्त डावा थोडा मोठा ठेवायचा. डाव्या कानाला काय मिळते? डाव्या स्पीकरची मोठी लाट आधी आणि उजव्याची छोटी लाट किंचित नंतर. उजव्या कानाला? उजव्या स्पीकरची छोटी लाट आधी, डाव्याची मोठी लाट नंतर. कानाशी या दोन लाटा एकमेकींत मिसळतात आणि मिश्रणाचा कळस मोठ्या लाटेकडे झुकतो. म्हणजे डाव्या कानात कळस लवकर, उजव्या कानात उशिरा. स्पीकरमध्ये ठेवला होता फक्त लहान-मोठेपणाचा फरक, कानाशी पोचेपर्यंत त्याचा झाला वेळेचा फरक, अगदी डावीकडे खरोखर माणूस उभा असल्यासारखा. मेंदूच्या खोडातल्या त्या पेशींना खोटे काही दिसतच नाही. दोन्ही स्पीकर सारखे ठेवले की कळस दोन्ही कानांत एकदमच येतो आणि माणूस मधोमध कॅलेंडरपाशी उभा राहतो.

मग मायक्रोफोनला एवढेच करायचे उरते की दिशेचे रूपांतर लहान-मोठेपणात करायचे. त्यासाठी त्यांनी समोरचे आणि मागचे ऐकणारे, पण बाजूंना बहिरे असलेले दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांशी काटकोनात ठेवले. एकाचे तोंड डावीकडे तिरके, दुसऱ्याचे उजवीकडे. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात ही रचना आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तबकडीचा प्रश्नही त्यांनी त्याच अर्जात सोडवला. सुई ज्या खाचेतून फिरते तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, एका भिंतीवर डावा आवाज कोरायचा, दुसरीवर उजवा. एकच खाच, एकच सुई, दोन आवाज. 70 कलमांचा तो अर्ज 14 जून 1933 रोजी ब्रिटिश पेटंट क्रमांक 394325 म्हणून मंजूर झाला. स्टिरिओ हा शब्द ब्लूमलाइन वापरत नसत. त्यांच्या अर्जातल्या शब्दाचा अर्थ होतो द्विकर्णी.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे आणि डोरीन यांचे लग्न झाले. डिसेंबरमध्ये पहिल्या प्रायोगिक तबकड्या कोरल्या गेल्या. जानेवारी 1934 मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून मोझार्टची ज्युपिटर सिंफनी वाजवून घेत असताना ब्लूमलाइन यांची यंत्रेही तिथे लावलेली होती. 1935 मध्ये तर छोटे बोलपटच तयार झाले. एकात माणसे व्यासपीठावर बोलत बोलत इकडून तिकडे चालतात आणि आवाज त्यांच्याबरोबर जातो. दुसऱ्यात ईएमआयच्या इमारतीतून दिसणारे हेज स्थानक आहे, आणि वाफेच्या गाड्या पडद्याच्या एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने निघून जातात, धडधडाटासकट. सिनेमागृहातली ती तक्रार अशी चार वर्षांनी मिटली.

आणि मग सगळे फडताळात गेले. मंदीचे दिवस होते, साधी ग्रामोफोन यंत्रेच खपत नव्हती. दोन स्पीकरची कोण घेणार? कंपनीचे पैसे आणि ब्लूमलाइन यांचा वेळ दूरचित्रवाणीकडे वळले. शोएनबर्ग यांच्या चमूने तयार केलेल्या 405 रेषांच्या पद्धतीवर 2 नोव्हेंबर 1936 रोजी बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली, त्यातली अनेक मंडले ब्लूमलाइन यांची होती. त्यांच्या नावावर एकूण 128 पेटंटे जमली. अवघ्या अठरा वर्षांची नोकरी. द्विकर्णी ध्वनी त्यांतल्या एका कोपऱ्यात राहिला.

घरात जोडी लावणाऱ्याला मात्र तो कोपराच कामाचा आहे, कारण 1931 ची भूमिती अजून बदललेली नाही. दोन लाटांचे ते मिश्रण नीट जमायचे तर दोन्ही स्पीकर एकाच जातीचे हवेत, एकाच उंचीवर, साधारण कानाच्या पातळीत हवेत, आणि दोघांपासून ऐकणाऱ्याचे अंतर सारखे हवे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण केला की बहुतेक खोल्यांत काम भागते. एक स्पीकर फ्रिजवर आणि दुसरा पुस्तकांच्या कपाटात कोंबून ॲपमध्ये जोडी लावली तर जोडी फक्त ॲपमध्ये राहते. एक फूट जरी एका स्पीकरकडे सरकले तरी त्याचा आवाज सुमारे एक सहस्रांश सेकंद आधी पोचतो, आणि मेंदू पहिल्याने आलेल्याच्याच बाजूने निकाल देतो. मधली गायिका टुणकन त्या डब्यात जाऊन बसते. निर्माते एकाच प्रकारचे दोन स्पीकर मागतात त्याचे कारणही हेच. बिनतारी जोडीत दोघांची घड्याळे सतत जुळवलेली ठेवावी लागतात. भलत्याच दोन स्पीकरना ती जुळवता येत नाहीत.

सगळे मोजून मापून केले आणि तरी आवाज एकाच बाजूला कललेला वाटला तर? घरातल्या इतरांना विचारावे. त्यांना तो मधोमध ऐकू येत असेल, तर त्याच खुर्चीत पाठ फिरवून बसावे. आता आवाज दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष स्पीकरचा किंवा खोलीचा. पाठ फिरवूनही तो त्याच कानाशी चिकटून राहिला तर दुसऱ्या कानाची तपासणी करून घ्यावी. ही काही श्रवणचाचणी नव्हे. जुना, हळूहळू आलेला फरक मेंदू सांभाळून घेतो आणि तो इथे निसटूही शकतो. पण एका कानाचा बहिरेपणा किती वर्षे लपून राहू शकतो हे कान-नाक-घसा विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात नेहमी दिसते. फोन नेहमी एकाच कानाला लावणारा, लग्नाच्या पंगतीत एका बाजूच्या माणसाशीच बोलणारा, रस्ता ओलांडताना हॉर्न कुठून आला हे न कळून भलतीकडे पाहणारा माणूस. लहान मुलांत गालगुंडानंतर एक कान कायमचा जाऊ शकतो आणि मूल दुसऱ्या कानावर सगळे निभावून नेते. हाक मारली की ते सगळ्या खोल्या शोधत फिरते, आणि घरचे त्याला वेंधळे म्हणतात. स्टिरिओ अशा मुलाला कळतच नाही. ते मागतही नाही.

बऱ्याचदा कारण साधे निघते, मळ किंवा पडद्यामागे साचलेले पाणी. पण एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एक कान एकाएकी मंद झाला, कानात गुंजन सुरू झाले, तर तेलाचे थेंब टाकत आठवडा घालवू नये. आतल्या कानाला झालेल्या अशा इजेत स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता अधिक असते. नंतर ती झपाट्याने कमी होते. आवाजाच्या पातळीबद्दलही एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही मर्यादा सांगते. 90 डेसिबलला तीच मर्यादा 4 तासांवर येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्लूमलाइन पुन्हा कानांकडे आले, पण निराळ्या कारणाने. शत्रूची विमाने रात्री येत. ती हेरण्यासाठी मोठाल्या कर्ण्यांना जोडलेल्या नळ्या दोन कानांना लावून सैनिक बसत आणि आवाज मधोमध येईपर्यंत कर्णे फिरवत. माणूस थकतो, दचकतो, सर्दीने त्याचे कान दडे बसतात. ब्लूमलाइन यांच्या चमूने दोन बाजूंच्या आवाजांतला फरक पडद्यावरच्या ठिपक्याने दाखवणारे उपकरण या कर्ण्यांना जोडले. मेंदूच्या खोडातले काम काचेच्या नळीकडे सोपवले म्हणायचे. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांच्या काळात ते वापरात होते. पुढे रडारने हे सगळेच मागे टाकले, आणि ब्लूमलाइन रडारच्या कामात ओढले गेले.

1942 मध्ये बॉम्बफेकी विमानांतून खालच्या जमिनीचा नकाशा अंधारात आणि ढगांतूनही दाखवणारे रडार तयार होत होते. त्याचे सांकेतिक नाव एचटूएस. त्यासाठी लागणारा मॅग्नेट्रॉन हा त्या काळातला सर्वांत गुप्त पदार्थ होता. ब्लूमलाइन यांनी स्वतः उड्डाणात बसून यंत्र पाहायचे ठरवले. त्यांना विमानांचे वेड होते, तरुणपणी ते स्वतः विमान चालवायला शिकलेले होते.

7 जून 1942, रविवार. डेफर्डच्या तळावरून हॅलिफॅक्स जातीचे व्ही 9977 हे विमान चाचणीसाठी उडाले. त्यात अकरा जण होते. ईएमआयचे तिघे, ब्लूमलाइन, सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायथिन. बाकी रडार संशोधन केंद्रातले आणि हवाई दलातले. उड्डाणात उजव्या बाजूच्या टोकाच्या इंजिनाला आग लागली. आग पंखात पसरली, विमान जमिनीपासून थोड्याच उंचीवर असताना पंखाचा टोकाचा भाग तुटला आणि ते हेरफर्डशरमधल्या वेल्श बिकनर गावाजवळ कोसळले. कुणीही वाचले नाही. चौकशीत कारण सापडले ते इंजिनाच्या झडपेपाशी असलेल्या एका नटाचे. देखभाल करताना तो पुरेसा आवळला गेला नव्हता. तो सैल होत गेला, झडपेची दांडी मोडली आणि इंधन पेटले.

अपघातस्थळी बर्नार्ड लव्हेल हे तरुण शास्त्रज्ञ पोचले. पुढे जोड्रेल बँकची मोठी रेडिओ दुर्बीण उभारणारे ते हेच. त्यांना अवशेषांतून मॅग्नेट्रॉन शोधून परत न्यायचा होता. 13 जूनला गोल्डर्स ग्रीन येथे ब्लूमलाइन यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. डोरीन यांच्या पदरात दोन लहान मुलगे होते. वर्तमानपत्रांत काही आले नाही. काम गुप्त होते, म्हणून मृत्यूही गुप्त ठेवला गेला, आणि ज्या पिढीने त्यांच्या निधनाची दखल घ्यायची, तिला ते कोण होते हे वेळेवर कळलेच नाही. जानेवारी 1943 मध्ये एचटूएस लावलेली विमाने हॅम्बुर्गवर गेली.

दोन भिंतींच्या खाचेची तबकडी बाजारात यायला 1958 साल उजाडले. तोवर अमेरिकेतही अभियंत्यांनी तीच रचना स्वतंत्रपणे गाठली होती, आणि ती नवी म्हणूनच जाहीर झाली. ब्लूमलाइन यांचे नाव हळूहळू वर आले. 1977 मध्ये लंडनच्या ईलिंग भागातल्या त्यांच्या घरावर निळी पाटी लागली, 2015 मध्ये ॲबी रोड स्टुडिओत स्मृतिफलक बसला, आणि 2017 मध्ये, मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी, तांत्रिक कामगिरीचे ग्रॅमी त्यांना देण्यात आले.

1930 च्या दशकातल्या त्या प्रायोगिक चित्रफिती ईएमआयच्या संग्रहात टिकून राहिल्या आणि 2008 मध्ये त्या साफसूफ करून लोकांना ऐकवल्या गेल्या. हेज स्थानकातल्या गाड्यांची फीत पाच मिनिटांची आहे. नीट लावलेल्या दोन स्पीकरच्या मधोमध बसून ती ऐकली तर गाडी एका भिंतीतून येते, कॅलेंडरवरून जाते आणि दुसऱ्या भिंतीत शिरते.